नदीची केस लढायची तर आधी तारखा मोजायला शिक

निफाड तालुक्यातल्या एका मुलीचा प्रश्न आहे. एलएलबीचं शेवटचं वर्ष, घरी द्राक्षबाग, लहानपणापासून सायखेड्याच्या पुलाला तटलेल्या पाणवेली बघत मोठी झालेली. पर्यावरणाची वकिली करायची म्हणते. नाशिकमध्ये राहून जमेल का, दिल्ली गाठावी का, एलएलएम करावं का, आणि "त्यात पोट भरतं का?" असं वडील विचारतात, त्यांना काय सांगावं?

तुझ्या वयाची मुलगी माझ्या घरात आहे, म्हणून सरळ 'तू'च म्हणते. नाशिकच्या कोर्टात मला तेवीस वर्षं झाली. त्यातली दहाएक वर्षं पुण्याच्या हरित लवादात, म्हणजे पर्यावरणाच्या दाव्यांच्या खास न्यायालयात, ये-जा आहे.

नाशिकमधून जमतं. पण पहिली पाच वर्षं पाटीवर 'पर्यावरण' हा शब्द लिहू नकोस. हे पोटापाण्याच्या भीतीने सांगत नाही. या कामात जे वकील हरतात, ते पर्यावरणाचा कायदा येत नाही म्हणून फारसे हरत नाहीत. साधी वकिली कच्ची असते म्हणून हरतात. मुदत चुकते, पक्षकार जोडायचा राहतो, कागदाची खरी प्रत नसते, शपथपत्रात ऐकीव गोष्टी असतात. नदीबद्दलची कळकळ सगळ्यांकडे असते, समोरच्या वकिलाकडे सुद्धा. तोही गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीवर, दशक्रिया करून आलेला असतो.

माझीच गोष्ट सांगते. एका गावात विहिरींचं पाणी पिवळट झालं होतं, वरच्या अंगाला एक कारखाना. गावकरी माझ्याकडे आले तेव्हा मला वाटलं, आधी पक्के कागद हातात येऊ देत. माहिती अधिकारात अर्ज टाकला. तीस दिवस गेले, उत्तर नाही. पहिलं अपील केलं. त्याची सुनावणी झाली, मग अर्धवट कागद आले, मग उरलेल्यांसाठी पुन्हा पाठपुरावा. सगळी फाईल सुरेख लावून मी लवादात गेले तेव्हा नववा महिना चालू होता. २०१० च्या हरित लवाद कायद्याच्या कलम १४ खाली वादाचं कारण पहिल्यांदा घडलं तिथून सहा महिने, आणि सबळ कारण दाखवलं तर वर साठ दिवस. त्यापुढे लवादाची इच्छा असली तरी विलंब माफ करता येत नाही. समोरच्या वकिलाने माझ्या सुरेख फाईलमधलं एकच पान काढलं, गावकऱ्यांची ग्रामपंचायतीकडे दिलेली पहिली तक्रार. तिच्यावरची तारीख वाचून दाखवली आणि खाली बसला. ते पान मीच जोडलं होतं.

वाईट त्याचं वाटत नाही. भरपाई आणि पर्यावरणाची पुनर्स्थापना मागायला कलम १५ आहे आणि त्याला पाच वर्षांची मुदत आहे. ती मागणी मी मांडलीच नव्हती. माझं सगळं लक्ष 'बंद करा' या मागणीवर होतं. अर्ज काढून घेऊन नव्याने मांडावा लागला आणि गावकऱ्यांचं जवळपास वर्ष फुकट गेलं. आज कुणीही पक्षकार आला की मी कळवळून काही ऐकण्याआधी कॅलेंडर काढते. पहिल्यांदा कधी दिसलं? परवानगी कधीची? आदेश तुम्हाला कधी कळला? परवानगीविरुद्ध अपील असेल तर कलम १६, तीस दिवस आणि जास्तीत जास्त आणखी साठ. नव्वद दिवसांनंतर दार बंद.

पर्यावरणाची वकिली म्हणजे मुख्यतः फाईल वाचणं. कारखान्याला प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून दोन संमती लागतात, एक उभारायला आणि एक चालवायला. आपल्याकडे सगळे त्यांना कन्सेंटच म्हणतात. त्या कन्सेंटच्या मागच्या अटी कुणी वाचत नाही. रोज किती घनमीटर सांडपाण्याची परवानगी आहे, ते कुठे सोडायचं आहे, कोणतं उत्पादन किती टन, बॉयलरला इंधन कोणतं. यातल्या प्रत्येक अटीत एक उलटतपासणी दडलेली असते.

एका प्रकरणात कारखान्याच्या नोंदवहीत सांडपाणी प्रक्रिया केंद्र रोज वीस तास चालल्याची नोंद होती. एकाच हातातलं, एकाच पेनातलं अक्षर, तीन महिने सलग. रविवारीसुद्धा, आणि कारखाना बंद होता त्या दिवाळीच्या दिवसांतसुद्धा. केंद्राला वेगळा वीज मीटर बसवण्याची अट कन्सेंटमध्येच होती. मी फक्त त्या मीटरची मासिक रीडिंग मागवली. मोटारीची अश्वशक्ती माहीत होती, वीस तासांचा गुणाकार केला. जेवढे युनिट जळायला हवे होते त्याच्या पाचव्या हिश्शाइतकेही जळलेले नव्हते. प्रदूषणाचा एकही थेंब न तपासता ती केस उभी राहिली. हे मला कुठल्या पुस्तकात सापडलं नव्हतं. माझ्या वडिलांचं पिठाच्या गिरणीचं दुकान होतं, मीटर आणि दळण यांचा हिशेब घरात रोज व्हायचा.

दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी उत्साही पोरं थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत नासर्डी नदीचं काळं पाणी घेऊन येतात. मी चहा पाजते आणि समजावते. १९७४ च्या जल कायद्यात कलम २१ आहे. मंडळाच्या अधिकाऱ्याने नमुना घ्यायचा, तेव्हाच तिथल्या माणसाला तशी नोटीस द्यायची, त्याने मागणी केली तर नमुन्याचे दोन भाग करायचे, दोन्हींवर सील आणि सह्या. ही रीत पाळली नाही तर तो अहवाल पुरावा म्हणून उभा राहत नाही, मग पाणी शाईसारखं काळं असो. त्या पोरांच्या बाटलीचा उपयोग वेगळा आहे. खासगी प्रयोगशाळेतून तपासून, तो अहवाल जोडून मंडळाला लेखी मागणी करायची की अमुक ठिकाणी, अमुक वेळेला तुम्ही नमुना घ्या. वेळ लिहायचीच. नाल्याचा रंग रात्री अकराला वेगळा असतो आणि साहेब सकाळी अकराला येतात.

एवढ्यासाठी थोडं रसायनशास्त्र हवं. बीओडी आणि सीओडी, म्हणजे पाण्यातली घाण किती ऑक्सिजन खाते याची दोन मापं, काय सांगतात, बीओडीची चाचणी २७ अंशांवर तीन दिवस का चालते, नमुना बर्फात का ठेवतात, हे कळायला हवं. प्रक्रिया केलेलं पाणी नदी-नाल्यात सोडण्याची सर्वसाधारण मर्यादा बीओडीला लिटरमागे ३० मिलिग्रॅम आणि सीओडीला २५० आहे. हे आकडे तोंडपाठ असले की अहवाल हातात पडताक्षणी डोळा बरोबर जागी जातो. एखाद्या प्रयोगशाळेत आठवडाभर नुसती बसून ये. एलएलएमच्या एका सत्रापेक्षा ते जास्त कामाला येईल. एलएलएमबद्दल माझं मत यातच आलं. शिकवायचं असेल तर कर.

दिल्लीबद्दलही थोडक्यात. चांगल्या चेंबरमध्ये वर्षभर काम मिळत असेल तर जरूर जा, मसुदा कसा लिहायचा हे तिथे शिकशील. पण मोठी प्रकरणं तिथे पोचतात तेव्हा ती कागदांची असतात. तो कागद जन्माला येतो तो तहसील कचेरीत, मंडळाच्या सातपूरच्या कार्यालयात, महापालिकेच्या राजीव गांधी भवनात. तिथला कागद नीट करून घेणारे वकील कमी आहेत.

आणि नाशिकला कामाची वाण नाही. गोदावरीच्या प्रदूषणाची जनहित याचिका २०१२ पासूनची, न्यायालयाने नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेकडून उपाय मागवले ते त्यातच. सातपूर-अंबडची औद्योगिक वसाहत आणि तिच्यातून वाहत येणारी नासर्डी. टाकळी, तपोवन, चेहेडी, पंचकची मलनिस्सारण केंद्रं. एकलहऱ्याच्या वीज केंद्राची राख. ब्रह्मगिरीच्या अंगावरचं उत्खनन. आणि तुझ्या निफाडातलं नांदूर मध्यमेश्वर, महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, जानेवारी २०२० मध्ये जाहीर झालेलं. शहराने वरून सोडलेलं सगळं शेवटी तिथेच साचतं. तुला केस शोधायला लांब जायची गरज नाही, पुलावर उभी राहा. त्यात २०२६-२७ चा सिंहस्थ. रस्ते, घाट, साधुग्राम, सगळं घाईचं, आणि घाईत परवानग्या राहतात.

तपोवनातल्या झाडांचं प्रकरण तू पाहिलंस. २०२५ च्या नोव्हेंबरात साधुग्रामसाठी झाडं तोडण्याची नोटीस लागली आणि शहर रस्त्यावर आलं. त्यावेळी ओळखीच्या बऱ्याच जणांनी हरकती दाखवायला आणल्या. कुणी झाडावर कविता लिहिली होती, कुणी पुराणातले दाखले दिले होते. पंचवटीत हे साहजिक आहे, आणि मला ते वाचून बरंही वाटलं. पण वृक्ष प्राधिकरणापुढे हरकत म्हणजे झाडाचा क्रमांक, जात, बुंध्याचा घेर, अंदाजे वय, आणि ते का वाचू शकतं याचं कारण. शहरी भागातल्या झाडांचा आपला राज्याचा कायदा १९७५ चा आहे. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षं आणि त्याहून जुन्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा आला. म्हणजे वय हाच मुद्दा, आणि वय सिद्ध करायला घेर मोजावा लागतो. हरकतीला मिळतात सात दिवस. त्यातला रविवार धरून टेप घेऊन झाडं मोजत फिरणारे चार लोक तुझ्याबरोबर असतील तर ती खरी वकिली.

इथेच आणखी एक खाच आहे, नवे वकील तिथे हमखास अडखळतात. लवादाला सगळे कायदे दिलेले नाहीत. अनुसूचीत सातच आहेत: जल, जल उपकर, वनसंवर्धन, वायू, पर्यावरण संरक्षण, सार्वजनिक दायित्व विमा आणि जैवविविधता. राज्याचा वृक्ष कायदा त्यात नाही, १९७२ चा वन्यजीव कायदा नाही. मग विषय पाहून ठरवायचं: पुणे की मुंबई. आपल्या जिल्ह्याचं उच्च न्यायालय मुंबईलाच आहे, तेव्हा सकाळची पंचवटी एक्स्प्रेस तुझ्या नशिबी आहेच. लवाद पुण्यात कौन्सिल हॉलसमोर बसतो. आता बऱ्याच तारखा व्हिडिओवर होतात, म्हणून सिन्नर-संगमनेर-नारायणगावचा तो रस्ता दर तारखेला करावा लागत नाही. पहिल्या दोन-तीन तारखांना मात्र स्वतः जा. कोर्टाचा चेहरा पडद्यावर कळत नाही.

आणि पुणे-मुंबईच्या आधी प्रांताची कचेरी आहे, तिच्याकडे कुणी बघत नाही. सार्वजनिक उपद्रव दूर करण्यासाठी प्रांतांकडे अर्ज करता येतो, जुनं फौजदारी संहितेचं कलम १३३, आताचं नागरिक सुरक्षा संहितेचं १५२. याच कलमावर १९८० साली रतलामचा निकाल झाला. पैसे नाहीत ही नगरपालिकेची सबब सर्वोच्च न्यायालयाने ऐकली नाही. उघडं गटार, मळीचा वास, वस्तीतला कचरा जाळणं, असल्या गोष्टींसाठी हे हत्यार स्वस्त आहे आणि ज्युनिअरला हात साफ करायला फार चांगलं. मुरूम-खडीचं बेकायदा उत्खनन असेल तर तहसीलदार. जमीन महसूल संहितेच्या कलम ४८(७) खाली बाजारभावाच्या पाचपट दंड होऊ शकतो. त्यासाठी सातबारा, फेरफार, गट नकाशा वाचता यायला हवा. शेतकऱ्याची पोर आहेस, तुला तो येतच असेल. शहरातल्या पोरांना मी आधी महिनाभर तलाठ्याकडे पाठवते.

तुझ्यात धमक असेल तर अजून एक वाट सांगते, जिच्यावर गर्दी नाही. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, कळवण. २०१८ च्या मार्चमध्ये नाशिकहून मुंबईला चालत गेलेल्या मोर्चाची मोठी मागणी वनहक्काची होती. २००६ च्या कायद्याखालचे दावे ग्रामसभेत जन्मतात, उपविभागीय समितीकडे जातात, मग जिल्हा समितीकडे. जमिनीवरचा ताबा १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा दाखवायचा असतो, आणि नियमांमध्ये गावातल्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही पुरावा धरलेला आहे. कितीतरी दावे 'पुरावा अपुरा' अशा एका शिक्क्याने परत आलेले मी पाहिलेत, आणि आत तो जबाब घेतलेलाच नसतो. एका म्हाताऱ्या बाबांचा जबाब लिहायला मी बसले होते. जमीन कधीपासून कसता, विचारलं. सन सांगता येईना. म्हणाले, "ते मोहाचं झाड माझ्या लग्नात कमरेएवढं होतं." मग लग्न कधी झालं, मोठ्या मुलाचा शाळेचा दाखला कुठे आहे, असं करत तारीख काढली. दुपार गेली. फी मिळाली नागलीची भाकरी आणि ठेचा.

फीचा विषय निघालाच आहे तर स्पष्ट बोलू. लोकांच्या बाजूने लढलेल्या पर्यावरणाच्या केसेसवर पहिल्या पाच वर्षांत माझं प्रवासाचं भाडंही निघालं नाही. घर चाललं ते मोटार अपघाताच्या दाव्यांवर, चेक बाउन्सच्या १३८ वर आणि वाटपाच्या दिवाणी दाव्यांवर. बार कौन्सिल ऑफ इंडियाने २०२४ मध्ये ज्युनिअरला शहरात महिना वीस हजार आणि ग्रामीण भागात पंधरा हजार द्यावेत अशी शिफारस केली. ती शिफारसच आहे. सिनिअर निवडताना पैशाआधी एक गोष्ट बघ, तो तुला मसुदा स्वतः लिहू देतो का. आणि तो दिवाणी बाजूचा असू दे. पर्यावरणाचा म्हणून नावाजलेला, पण वर्तमानपत्रात जास्त आणि कोर्टात कमी दिसणारा सिनिअर टाळ.

कारखान्यांचं काम घ्यावं का, हे तू विचारलं नाहीस, पण विचारशील. घ्यावं. मी तीन वर्षं केलं. कन्सेंटचं नूतनीकरण, घातक कचऱ्याची विवरणपत्रं, रुग्णालयांचा जैववैद्यकीय कचरा, प्लास्टिकची उत्पादक जबाबदारी. या कामाला पैसे वेळेवर मिळतात, आणि समोरची बाजू आतून कशी विचार करते ते कळतं. नोंदवही कशी भरतात हे मला तिथेच कळलं. पथ्य एकच: ज्या नदीच्या बाजूने तुला पुढे उभं राहायचं आहे, तिच्या काठच्या कारखान्याचं वकीलपत्र घेऊ नकोस. मी एकदा घेतलं होतं. पुढे दोन वर्षांनी त्याच नाल्याचे लोक आले तेव्हा त्यांना दुसऱ्या वकिलाचा पत्ता द्यावा लागला. ती गोष्ट गावात अजून निघते.

निकाल स्वतः वाच, त्यावरची पोस्ट नव्हे. या क्षेत्रात जमीन फार हलते. १६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने वनशक्ती प्रकरणात काम झाल्यावर मागाहून दिलेल्या पर्यावरण मंजुऱ्या बेकायदा ठरवल्या. त्याच वर्षी १८ नोव्हेंबरला दोन विरुद्ध एक मताने तो निकाल मागे घेतला गेला. मधल्या सहा महिन्यांत कितीजणांनी त्यावर आपले अर्ज उभे केले असतील! त्याच ऑगस्टमध्ये मंडळांना स्वतःहून पर्यावरणीय भरपाई आकारता येते असा निकाल आला, त्यावर मात्र आपल्याकडे पुरेसं काम झालेलं नाही. मंडळाला लिहिताना 'कारवाई करा' असं मोघम लिहू नकोस. जल कायद्याचं कलम ३३अ लिही आणि भरपाई माग.

मुलगी म्हणून वेगळं काही सांगायचं तर एवढंच: जागेवर एकटी जायचं नाही. हे मी पुरुष ज्युनिअरलाही सांगते. बरोबर ग्रामपंचायतीचा सदस्य घे, फोटो काढताना मोबाईलचं लोकेशन चालू ठेव आणि मूळ फाईल डिलीट करू नकोस. नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडताना ती लागते. व्हॉट्सअॅपवरून फिरून आलेला फोटो कोर्टात अनाथ असतो.

राहिले वडील. पोटाचं उत्तर वर दिलंय, पाच वर्षं दुसऱ्या केसेसवर भरेल, हे लपवू नकोस. पण ते द्राक्षवाले आहेत. २०१० मध्ये लिहोसिन या वेलीची वाढ रोखणाऱ्या औषधाच्या अंशावरून युरोपात आपल्या द्राक्षांचे कंटेनर अडकले होते, ते वर्ष निफाडात कुणी विसरलेलं नाही. प्लॉटचा नंबर, नमुना कुणी घेतला, पिशवीवर सही कुणाची, प्रयोगशाळा कोणती, अहवालात अमुक पीपीएमच्या वर की खाली, हे सगळं तेव्हापासून त्यांना पाठ असेल. संध्याकाळी त्यांच्याजवळ बस आणि त्यांच्या बागेचा एक रेसिड्यू रिपोर्ट त्यांच्याकडून समजावून घे.